कितीचं टाकू, मॅडम?

विमान दुसरीकडे वळवलं की आपण आधी एअरलाइनच्या नावानं बोटं मोडतो आणि मग बॉसला मेसेज टाकतो. पण ते वळवायचं कुठे आणि त्यासाठी टाकीत किती इंधन हवं, हे आपण चेक-इन करण्याआधीच कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. अशाच एका ‘कुणीतरी’शी रविवारच्या पोह्यांवर मारलेल्या गप्पा...

मे महिन्यातला गुरुवार. गुडगावच्या कस्टमरकडे दिवसभर बोलणी खाऊन मी दिल्ली-पुणे फ्लाइटमध्ये बसले होते. साडेनऊला लोहगाव, साडेदहापर्यंत चिंचवड, सकाळी आठला चाकणच्या कंपनी बसमध्ये. प्लॅन एकदम परफेक्ट. पण पुण्यावर वळवाचा पाऊस कोसळत होता, आणि तो काही माझं कॅलेंडर बघून आला नव्हता.

वीस मिनिटं आम्ही हवेत गोल गोल फिरलो. खिडकीतून विजा दिसत होत्या. मग कॅप्टनचा शांत आवाज आला : आपण मुंबईला जातोय. अख्ख्या विमानानं एकसुरात ‘च्यॅक्’ केलं. शेजारच्या सीटवरचे काका म्हणाले, ‘अहो, थोडं पेट्रोल जास्त टाकायला काय होतं यांना? अर्धा तास अजून थांबले असते तर उतरलो असतो ना!’ मी जोरजोरात मान डोलावली. मुंबईला उतरल्यावर कळलं, क्रूची ड्यूटी संपली. मग बस. वाकडच्या पुलाखाली उतरले तेव्हा पहाटेचे सव्वातीन वाजले होते. चाकणला विमानतळ होणार, होणार म्हणून आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो आणि २०१६ मध्ये तो कागदावरच पुरंदरला निघून गेला. त्याचीही आठवण काढून मनसोक्त शिव्या घातल्या.

या सगळ्याचा जाब विचारायला माझ्याकडे हक्काचा माणूस आहे. माझा आतेभाऊ. तो मुंबईत एका एअरलाइनमध्ये फ्लाइट डिस्पॅचर आहे. रविवारी तो निगडी प्राधिकरणात आत्याकडे आला होता. मी स्कूटर काढली आणि थेट धडकले.

‘दादा, अर्ध्या तासाचं इंधन जास्त टाकता येत नाही तुम्हाला?’

त्यानं पोह्यांवर लिंबू पिळलं. ‘अगं, टाकलेलं होतं. म्हणून तर मुंबईला पोचलीस.’

डिस्पॅच म्हणजे गेटपास नव्हे

आमच्या चाकणमध्ये डिस्पॅच म्हणजे ट्रक, ई-वे बिल, गेटपास आणि तळेगाव चौकात अडकलेल्या ड्रायव्हरला दर दहा मिनिटांनी फोन. दादाचं डिस्पॅच वेगळं. तो विमानात बसत नाही. जमिनीवर, ऑपरेशन्स कंट्रोलच्या खोलीत, तीन-चार स्क्रीनसमोर बसतो. उड्डाणाच्या काही तास आधी तो प्रत्येक फ्लाइटची कुंडली मांडतो. कुठल्या मार्गानं जायचं, किती उंचीवरून, वारा पाठीवर की तोंडावर, उतरायच्या ठिकाणी हवा कशी, कुठली धावपट्टी बंद, कुठला दिवा नादुरुस्त, प्रवासी आणि सामान मिळून वजन किती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उतरता आलं नाही तर जायचं कुठे. त्या दुसऱ्या विमानतळाला ‘ऑल्टरनेट’ म्हणतात.

या कामासाठी डीजीसीएची मान्यता लागते. परीक्षा असतात. शेवटचा शब्द कॅप्टनचा. त्याला वाटलं तर तो दादाच्या आकड्यावर आणखी टनभर इंधन मागून घेऊ शकतो. पण सुरुवातीचा आकडा दादाच्या टेबलावरून निघतो. विमान उडाल्यावरही त्याची सुटका नाही. वर काय चाललंय, खाली हवा कशी बदलतेय, यावर डोळा ठेवून वैमानिकांना कळवत राहायचं.

टाकीचं गणित

आत्याच्या किराणा यादीमागे त्यानं मला हिशेब मांडून दाखवला. आकडे समजण्यापुरते, ढोबळ. दिल्ली-पुणे, एअरबस ए-३२०.

जमिनीवर इंजिनं चालू ठेवून रांगेत सरकायला २०० किलो. प्रत्यक्ष प्रवासाला ४,८०० किलो. वारा फिरला, खालच्या उंचीवर उडायला लागलं, तर त्यासाठी प्रवासाच्या ५ टक्के म्हणजे २४० किलो. पुण्याला उतरता आलं नाही तर मुंबई गाठायला १,२०० किलो. आणि सगळ्यात शेवटी ‘फायनल रिझर्व्ह’ : विमानतळाच्या दीड हजार फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं, म्हणजे अंदाजे १,१०० किलो. बेरीज, ७,५४० किलो.

‘हे शेवटचे अकराशे आहेत ना,’ दादा पेन आपटत म्हणाला, ‘ते वापरण्यासाठी नसतातच. विमान उतरेल तेव्हा ते टाकीत शिल्लक असायलाच पाहिजेत. त्याला हात लागणार असं दिसलं की कॅप्टननं थेट मेडे द्यायचा.’

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या गाडीचा काटा लाल रेघेखाली गेला तरी आपण ‘अजून तीस किलोमीटर जाते’ म्हणून भोसरी ते चाकण रेटतो. आपला रिझर्व्ह वापरायला असतो. त्यांचा, न वापरण्यासाठी. माझ्या शेजारच्या काकांना हवा असलेला तो अर्धा तास विमानात होता. फक्त तो पुण्यावर घिरट्या घालण्यात उडवला असता, तर मुंबईला जायचा रस्ताच उरला नसता. वेळेवर वळणं हाच प्लॅन होता.

मग फुल्ल का नाही?

पुढचा प्रश्न तुमच्याही ओठावर असेल. टाकीच फुल्ल करा ना!

पहिली गोष्ट, इंधनाला वजन असतं आणि ते वजन उचलायला इंधनच लागतं. जादा घेतलेल्या इंधनातलं साधारण तीन-चार टक्के दर तासाला केवळ तेच इंधन वाहून नेण्यात जळतं. लांबच्या प्रवासाला तर पाहायलाच नको. शिवाय विमानाला उतरतानाच्या वजनाचीही मर्यादा असते.

दुसरी गोष्ट आपल्या लोहगावची. हवाई दलाचा तळ, धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटर, समुद्रसपाटीपासून जवळपास सहाशे मीटर उंची. एप्रिल-मेच्या दुपारी हवा तापून विरळ झाली की पंख आणि इंजिनं दोन्ही थोडी कमजोर पडतात. मग तेवढ्याच धावपट्टीवरून कमी वजन उचलता येतं. अशा वेळी टनभर इंधन जास्त म्हणजे टनभर सामान किंवा दहा-बारा प्रवासी कमी.

तिसरी गोष्ट पैशाची. विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, जीएसटीत येत नाही. प्रत्येक राज्याचा कर निराळा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि रायगडसाठीचा व्हॅट २०२३ च्या अर्थसंकल्पात २५ वरून १८ टक्के झाला. जिथे स्वस्त तिथे जास्त भरायचं आणि महाग गावी कमी, याला ‘टँकरिंग’ म्हणतात. आपण राज्याची हद्द ओलांडण्याआधी पंपावर थांबतो, तोच फंडा.

म्हणजे कमी घेतलं तर जिवाशी खेळ, जास्त घेतलं तर खिशाशी. या दोघांच्या मधे बसून रोज डझनावारी फ्लाइट्सचा आकडा ठरवायचा, हे दादाचं काम. ‘आणि हो,’ आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘मी रोज एक वाटी तांदूळ जास्तीचा लावते त्याला हा नावं ठेवतो!’

किलो, पौंड आणि माझे चोवीस नग

आता मी गुडगावला बोलणी का खात होते ते सांगते. आमच्या पार्टच्या एका बॉक्समध्ये २४ नग असतात. कस्टमरला ४८० बॉक्स हवे होते. शीटमध्ये रकान्याचं नाव नुसतंच ‘क्वांटिटी’. मी ४८० भरलं, पुढच्या माणसानं ते नग समजून २० बॉक्स लोड केले. ट्रक गेला. दोन दिवसांनी कस्टमरची लाइन बंद पडायची वेळ आली आणि उरलेला माल विमानानं पाठवावा लागला. भाडं मालाच्या किमतीपेक्षा जास्त. माझ्या सहीखाली.

मला वाटलं दादा हसेल. तो म्हणाला, ‘आमच्यात याच चुकीचं एक मोठ्ठं उदाहरण आहे.’

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाची फ्लाइट १४३, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटन. कोरं बोइंग ७६७. कंपनी तेव्हा पौंडांवरून किलोंवर येत होती आणि हे विमान किलोवालं. त्यात इंधनाचे काटे बंद. मग टाकीत पट्टी घालून मोजमाप केलं : ७,६८२ लिटर. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचं वजन काढायला गुणायचं होतं साधारण ०.८ नं. गुणलं १.७७ नं. तो आकडा पौंडांचा! त्या हिशेबानं आणखी जेमतेम ४,९०० लिटर भरलं. खरं तर २०,००० च्या वर भरायला हवं होतं. विमान निम्म्याहून कमी इंधनावर उडालं आणि वाटेत हवेतच दोन्ही इंजिनं थंड.

कॅप्टन बॉब पिअर्सन हौशी ग्लायडर वैमानिक होते म्हणून निभावलं. त्यांनी ते धूड ग्लायडरसारखं तरंगवत गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. ६९ पैकी ६९ जण वाचले. चौकशीत निघालेली गोष्ट मात्र आपल्या ऑफिसात रोज घडणारी. जुन्या विमानांत इंधनाचा हिशेब फ्लाइट इंजिनिअर करायचा. नव्या विमानात ती खुर्चीच काढून टाकली. मग हिशेब नेमका कुणाचा, हे कुणी नीट ठरवलंच नाही. हिशेब अनेकांनी पाहिला, आणि चुकीच्याच आकड्यानं पुन्हा पुन्हा तपासला.

‘तुझ्या शीटमध्ये रकान्याचं नाव बदललंस का?’ दादानं विचारलं. बदललं नव्हतं. मी पोहे चिवडत बसले.

न बोललेला शब्द

मला वाटत होतं, चुका गुणाकारात होतात. दादाचं म्हणणं, मोठ्या चुका तोंड बंद ठेवल्यामुळे होतात.

२५ जानेवारी १९९०, न्यूयॉर्क. कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीची फ्लाइट ५२. खराब हवेमुळे विमान तासाहून जास्त वेळ हवेत ताटकळत ठेवलेलं. वैमानिक कंट्रोलला सांगत होते, आमचं इंधन संपत आलंय. पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द रेडिओवर एकदाही उच्चारला गेला नाही. कॅप्टन सहवैमानिकाला विचारतोय, सांगितलंस ना? तो म्हणतोय, सांगितलं. कंट्रोलला मात्र ते नेहमीचं रडगाणं वाटलं. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. अमेरिकी चौकशीनं आणखी एक बोट ठेवलं : या वैमानिकांनी वाटेत आपल्या कंपनीच्या डिस्पॅचची मदतच घेतली नाही.

२८ नोव्हेंबर २०१६, बोलिव्हियाहून मेडेलिनला निघालेलं लामिया कंपनीचं विमान, आत ब्राझीलचा शापेकोएन्स फुटबॉल संघ. फ्लाइट प्लॅनमध्ये प्रवासाचा वेळ ४ तास २२ मिनिटं आणि इंधन पुरण्याचा वेळही ४ तास २२ मिनिटं. म्हणजे रिझर्व्ह शून्य. विमानतळावरच्या एका अधिकारी बाईंनी हे दाखवलंसुद्धा. तरी विमान गेलं. ७७ पैकी ७१ मृत्यू. इथे गुणाकार चुकला नव्हता. आकडा सगळ्यांसमोर लिहिलेला होता आणि ‘होईल हो ॲडजस्ट’ म्हणून त्याच्याकडे काणाडोळा केला गेला.

आपल्याकडेही असे प्रसंग आलेत. १५ नोव्हेंबर १९९३ ला इंडियन एअरलाइन्सचं मद्रास-हैदराबाद विमान हैदराबादला खराब हवेमुळे उतरू शकलं नाही. पुन्हा वर जाताना पंखांचे फ्लॅप पूर्ण आत जाईनात. तशाच अवस्थेत परत मद्रासला निघाले, बाहेर राहिलेल्या फ्लॅपमुळे इंधन भसाभस जळलं आणि ते एअरबस तिरुपतीजवळच्या भातखाचरात उतरवावं लागलं. आतले २६२ जण सुखरूप. साधा परतीचा हिशेबसुद्धा विमानाच्या त्या क्षणीच्या तब्येतीवर मांडावा लागतो, हा त्यातला धडा.

आणि १५ जुलै २०१९, मुंबई-दिल्ली, विस्ताराची यूके ९४४. (ही कंपनी २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली.) दिल्लीला हवा खराब म्हणून विमान लखनौला वळवलं. तिथे उतरता उतरता दृश्यमानता घसरली. मग प्रयागराजची वाट धरली. तेवढ्यात लखनौहून निरोप आला, हवा सुधारलीय. पुन्हा मागे. मेडे देऊन विमान उतरलं तेव्हा टाकीत साधारण ३०० किलो होतं, म्हणजे फार तर दहा मिनिटांचं. अकराशेचा तो आकडा आठवा! कंपनीचं म्हणणं होतं की निघताना प्लॅनपेक्षा जास्तच इंधन घेतलं होतं. ते पुरलं नाही, कारण त्या दिवशी पहिली आणि दुसरी, दोन्ही ठिकाणं फिरली.

जुलैची ती रात्र

इथे दादा थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं स्वतःचं सांगितलं. नोकरीचं दुसरं वर्ष, आधीची कंपनी. जुलैची रात्र, बंगळुरू-पुणे फ्लाइट. त्यानं ऑल्टरनेट लावलं मुंबई. सगळ्यात जवळ, सगळ्यात स्वस्त. अंदाजपत्रकात मुंबईची हवा नियमात बसत होती. पण सह्याद्रीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच ढग पसरलेला, हे सॅटेलाइटच्या चित्रात दिसत होतं. त्याला शंका आली होती. तेव्हा कंपनीत जादा इंधनाचा महिन्याला हिशेब मागत होते. तो बोलला नाही.

‘कॅप्टनबाईंनी प्लॅन पाहिला. मला फोन केला, म्हणाल्या, एक टन वाढव. मी कारण विचारलं. म्हणाल्या, पुणं आणि मुंबई एकाच पावसात आहेत रे, हे काय ऑल्टरनेट झालं?’

पुण्याला उतरता आलं नाही. त्याच वेळी मुंबईही आवळत चाललेली. दादानं वर निरोप धाडला : मुंबई नको, हैदराबादला जा. विमान हैदराबादला उतरलं, फायनल रिझर्व्हला धक्का न लावता. कुणाला काही कळलंही नाही. प्रवाशांनी तेव्हाही ‘च्यॅक्’ केलं असणार.

‘कागदावर मी शंभर टक्के बरोबर होतो,’ दादा म्हणाला. ‘कुणी मला एक शब्द बोललं नसतं. पण तो टन माझा नव्हता, बाईंचा होता. त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून शंका आली की मी लिहून टाकतो. लोकांना वाटतं, जादा इंधन म्हणजे भित्रेपणा. तसं नाही गं. आपल्याला सगळं माहीत नाही, हे कबूल करायची ती किंमत असते.’

सोमवारचा मेल

परत निघताना भोसरीच्या पंपावर थांबले. पोरानं नेहमीसारखं विचारलं, ‘कितीचं टाकू, मॅडम?’ आणि मला गुरुवारची मीटिंग आठवली. कस्टमरनं पुढच्या महिन्यापासून दोन दिवसांचा बफर स्टॉक काढून टाकायला सांगितलं होतं. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये, पावसाळ्यात, ते जमणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं होतं. आणि बोलणी खाऊन थकलेली मी म्हणाले होते, ‘होईल, सर.’

माझ्या चुकीनं माणसं मरणार नाहीत, हे खरं. पण लाइन थांबली की रात्रपाळीला थांबणारी, ट्रकमध्ये उपाशी बसणारी माणसं असतातच. आणि ‘होईल, सर’ ही सवय माणूस बघून लागत नाही.

सोमवारी सकाळी दोन कामं केली. शीटमध्ये ‘क्वांटिटी’ खोडून ‘बॉक्स, प्रत्येकी २४ नग’ लिहिलं. आणि सरांना मेल टाकला : ‘सर, गुरुवारी मी हो म्हणाले ते चुकलं. शून्य बफरवर जमणार नाही. किमान दोन दिवस हवेत. हिशेब सोबत जोडलाय.’

उत्तर अजून आलेलं नाही. पण पाठवलाय.

कॅप्टन काय म्हणाला?

होल्डिंग : उतरायला जागा किंवा हवा मोकळी होईपर्यंत घिरट्या. यासाठी इंधनाचा हिशेब असतो आणि तो संपायची वेळही आधीच ठरलेली असते.

डायव्हर्जन : दुसऱ्या विमानतळाकडे वळणं. हा बिघाड नाही. इंधन पुरेसं असताना घेतलेला निर्णय आहे.

मिनिमम फ्युएल : वैमानिक कंट्रोलला सांगतो, आता एकाच विमानतळाचा पर्याय उरलाय, आणखी उशीर चालणार नाही. ही इमर्जन्सी नाही, पण शेवटची सूचना आहे.

मेडे फ्युएल : उतरताना फायनल रिझर्व्हपेक्षा कमी इंधन उरेल असं दिसलं की द्यायचा इशारा. सगळं बाजूला ठेवून या विमानाला आधी उतरवतात. हे दोन्ही शब्द २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत नेमके ठरवलेले आहेत, म्हणजे ‘संपत आलंय’ असं मोघम बोलायची वेळ कुणावर येऊ नये.